मेळघाटातील ‘तिसरी भाषा’

२०२५ सालचा उन्हाळा महाराष्ट्रात एका शासन निर्णयाने तापविला. इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचा निर्णय १६ एप्रिल रोजी निघाला. १७ जूनला तो किंचित मवाळ करून पुन्हा काढण्यात आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे शासनाने जाहीर केले. या अडीच महिन्यांत सभा झाल्या, पत्रके निघाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्या सर्व गदारोळात एक मुद्दा मात्र पक्षभेद बाजूला सारून सर्वांनी उचलून धरला. सहा वर्षांच्या मुलावर घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेचे ओझे लादू नये, आधी त्याला आपल्या भाषेत वाचू-लिहू द्यावे, मग इतर भाषा, हा तो मुद्दा. तो बिनतोड आहे. प्रस्तुत लेखकाला तो त्या वेळी पटला आणि आजही पटतो. प्रश्न एवढाच, की हाच मुद्दा उचलून अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांत नेऊन ठेवला, तर त्याचे काय होते?

मेळघाटातील कोरकू मूल घरात कोरकू बोलते. आठवडी बाजारात, एस. टी. त, दुकानात त्याच्या कानावर हिंदी पडते आणि तीही बहुधा निमाडी वळणाची. मराठी त्याला प्रथम भेटते ती शाळेच्या फळ्यावर. म्हणजे त्याच्या दृष्टीने मराठी हीच तिसरी भाषा होय, आणि ती पहिलीपासून सक्तीची आहे. शिवाय एक फरक लक्षात घेतला पाहिजे. २०२५ चा निर्णय वेळापत्रकात एका विषयाची भर घालीत होता. मेळघाटातील मुलाला मात्र गणितही त्या तिसऱ्या भाषेतून शिकावयाचे असते, परिसर अभ्यासही आणि कविताही. बेरीज समजली नाही की प्रश्न समजला नाही, हे त्याला सांगता येत नाही व गुरुजींना ओळखता येत नाही. ही सक्ती गेली कित्येक दशके चालू आहे. तिच्याविरुद्ध मुंबईत मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही.

कोरकू ही मराठीचीच एक रानटी बोली असावी, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांतही आढळतो. वऱ्हाडी जशी मराठीची बोली, तशीच ही थोडी अधिक वाकडी, एवढेच! वस्तुतः मराठीचे आणि कोरकूचे रक्ताचे नाते मुळीच नाही. कोरकू ही मुंडा गटातील भाषा. तिच्या सख्ख्या बहिणी संथाळी, मुंडारी, हो या येथून शेकडो मैल पूर्वेला, झारखंड, ओडिशा, बंगालच्या अरण्यात नांदतात आणि दूरचे गोत तर आग्नेय आशियातील ख्मेर व व्हिएतनामी भाषांपर्यंत जाऊन पोचते. त्या कुटुंबातील सर्वांत पश्चिमेकडे राहिलेली ही भाषा सातपुड्यात, आपल्या अकोटच्या डोक्यावर, टिकून आहे. दहाला कोरकूत ‘गेल’ म्हणतात, संथाळीतही ‘गेल’च म्हणतात. हाताला दोन्ही भाषांत ‘ती’ असा शब्द आहे. आता पहिलीच्या पुस्तकात ‘ती’ हा शब्द किती वेळा येतो आणि तो वाचताना कोरकू मुलाच्या मनात काय उभे राहत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. ‘कोरकू’ याचा अर्थ ‘माणसे’ एवढाच. दोघांसाठी या भाषेत प्रत्यय निराळा आहे. संस्कृतातील जे द्विवचन मराठीने केव्हाच टाकून दिले, तशी सोय ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांच्या बोलण्यात आजही आहे. उलट आपली तो-ती-ते ही तीन लिंगे कोरकूला ठाऊक नाहीत. तेथे नामांची वाटणी सजीव आणि निर्जीव अशी होते. खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी का, असे एखाद्या चौकस कोरकू मुलाने विचारले तर गुरुजी काय उत्तर देतील? ‘असेच म्हणतात’ यापलीकडे मराठीच्या प्राध्यापकांजवळही उत्तर नाही. मुलगा मात्र ‘मंद’ ठरतो.

ही परिस्थिती कशी उद्भवली हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि तो इतिहास अकोल्याला परका नाही. भाषावार प्रांतरचनेच्या वाटाघाटींत ८ ऑगस्ट १९४७ चा करार याच गावी झाला आणि ‘अकोला करार’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, पंजाबराव देशमुख, ब्रिजलाल बियाणी प्रभृतींनी संयुक्त महाराष्ट्र आणि त्यात महाविदर्भाचा उपप्रांत अशी योजना त्यात मान्य केली. (बियाणींचे घराणे मारवाडी आणि त्यांची लेखणी हिंदी, तरीही मराठी मुलखाच्या भवितव्याच्या वाटाघाटीत ते अग्रभागी होते. त्या पिढीला यात काही विसंगत वाटले नाही.) पुढे नागपूर करार झाला, राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. मराठी माणसाला घर मिळाले, हिंदी भाषकालाही मिळाले.

त्या वाटणीत कोरकूंचे काय झाले, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणाला सुचला नाही. १९५६ पर्यंत मेळघाट, बैतूल, निमाड, होशंगाबाद हा कोरकूंचा सलग प्रदेश एकाच प्रांतात होता. नवी सीमा सातपुड्याच्या जंगलातून गेली आणि तिने या समाजाचे दोन तुकडे केले. अलीकडचे महाराष्ट्रातील अल्पसंख्य, पलीकडचे मध्य प्रदेशातील अल्पसंख्य. एका बाजूच्या मुलाने मराठी शिकावी, दुसऱ्या बाजूच्या त्याच्या मावसभावाने हिंदी. भिल्लांची वाटणी महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश व राजस्थान या चार राज्यांत झाली. गोंडांची तर त्याहूनही अधिक राज्यांत. भाषावार प्रांतरचनेने लोकशाहीला लोकांच्या भाषेत आणले हे तिचे मोठेच यश होय आणि ते नाकारण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु ज्या भाषांजवळ राजधानी नव्हती, वर्तमानपत्रे नव्हती, वकील नव्हते, त्यांच्या अंगावरून सीमारेषा ओढल्या गेल्या हेही तितकेच खरे.

ज्यांनी ही रचना केली त्यांना या धोक्याची जाणीव नव्हती असेही नाही. राज्यांची पुनर्रचना अमलात आणणारी १९५६ ची सातवी घटनादुरुस्ती पाहावी. तिनेच राज्यघटनेत ३५०-क हा अनुच्छेद घातला. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्नशील राहावे, असे तो सांगतो. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही, शक्य तेथवर, शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत तसे व्हावे अशी इच्छा प्रकट केली. ‘प्रयत्नशील’, ‘शक्य तेथवर’ या शब्दांच्या सावलीत सात दशके निघून गेली आहेत.

आता थोडे आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषांची १९,५६९ नावे सांगितली. छाननीनंतर ती १,३६९ वर आली आणि त्यांची गटवारी होऊन १२१ भाषा उरल्या. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आरंभी चौदा भाषा होत्या. १९६७, १९९२ आणि २००३ च्या दुरुस्त्यांनी त्या बावीस झाल्या. या बावीसांत २४,८२१ जणांनी मातृभाषा म्हणून नोंदविलेली संस्कृत आहे, सुमारे पावणेपंधरा लाखांची बोडो आहे. एक कोटी चार लाख लोकांची भिली मात्र नाही, जवळजवळ तीस लाखांची गोंडी नाही आणि ७,२७,१३३ जणांनी सांगितलेली कोरकूही नाही. संस्कृतचे स्थान तिच्या वाङ्मयामुळे आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु भाषकांची संख्या हा या अनुसूचीचा निकष नाही, एवढे या आकड्यांवरून उघड व्हावे. संथाळी व बोडो २००३ साली आत आल्या त्या अनुक्रमे झारखंड-बंगालातील व आसामातील संघटित राजकीय बळामुळे. सातपुड्यातील कोरकूंजवळ तसे बळ नाही.

कोरकूची निदान मोजदाद तरी होते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या बाजूस निहाल लोकांची निहाली भाषा आहे. बोलणारे सुमारे दोन हजार. तिने कोरकूकडून, मराठीकडून, द्राविडी भाषांकडून पुष्कळ शब्द घेतले, परंतु ते सर्व वजा केले असता जे मूळ शब्द उरतात ते जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी जुळत नाहीत. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या जनगणनेत मात्र १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा नावाने छापल्याच जात नाहीत. त्या ‘इतर’ या रकान्यात जमा होतात. खामगाव-शेगावच्या पलीकडे, दोन-तीन तासांच्या वाटेवर, असे एक अद्भुत आहे हे अकोल्यातील किती पदवीधरांना ठाऊक असेल?

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने भाषेच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की भाषेचा प्रश्न मुळात देवघेवीचा प्रश्न आहे. दोन भाषांच्या माणसांना व्यवहार करावयाचा असेल तर कोणाला तरी दुसऱ्याची भाषा शिकावी लागते आणि त्याला वेळ, श्रम व पैसा लागतो. हा खर्च कोणी करावयाचा? ज्याला व्यवहाराची गरज अधिक, त्याने. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या काठी वऱ्हाडी, उर्दू, मारवाडी, गुजराती, कच्छी या भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या. मारवाडी अडत्या अस्सल वऱ्हाडी बोलू लागला, कारण कापूस वऱ्हाडी शेतकऱ्याच्या बैलगाडीत होता. मुसलमान कारागिराचे आणि कुणब्याचे बोलणे एकमेकांत इतके मिसळले की कोणता शब्द कोणाचा हे आता सांगणे कठीण. येथे दोन्ही बाजूंना दुसऱ्याची गरज होती, म्हणून दोघांनीही शिकण्याचा खर्च वाटून घेतला. तेथे भाषांची विविधता कोणाच्या मुळावर आली नाही.

मेळघाटात पारडे एकाच बाजूला झुकलेले आहे. मोहफुले विकणाऱ्या, होळीचा फगवा संपताच मजुरीसाठी परतवाडा-अकोटकडे उतरणाऱ्या कोरकूला व्यापाऱ्याची, मुकादमाची, तलाठ्याची भाषा आलीच पाहिजे. तलाठ्याला कोरकू आली नाही तरी त्याचा पगार पहिल्या तारखेला होतो. वनरक्षकाचेही तसेच आणि, सांगावयास संकोच वाटतो, पण शिक्षकाचेही तसेच. ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्यानेच भाषेचा संपूर्ण खर्च उचलावा, अशी ही व्यवस्था आहे. १९९३ पासून मेळघाटातील बालमृत्यू वर्तमानपत्रांत गाजत आले. समित्या झाल्या, आहार योजना झाल्या, डॉक्टर पाठविले गेले. तरीही आजारी लेकराला घेऊन आई प्रथम भूमकाकडे जाते, अशी तक्रार आपण ऐकतो. ती अंधश्रद्धा खरीच, आणि तान्ह्या पोटावर तापल्या विळ्याचा डंबा देण्याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु लेकराला केव्हापासून, काय आणि कसे होते आहे, हे त्या आईला आपल्या शब्दांत सांगता येईल आणि समोरच्याला ते समजेल, अशी जागा तिच्या पंचक्रोशीत भूमकाचे अंगणच असेल तर दोष तिचा किती आणि आपला किती? हरिसाल हे गाव २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. यंत्रे पोचली ही चांगलीच गोष्ट झाली. त्यांच्या पडद्यावरची अक्षरे मात्र मराठी-इंग्रजीच राहिली.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. कोरकू पालकांनाच आपल्या मुलांना कोरकूतून शिकवावयाचे नाही, असे शिक्षक सांगतात. कोरकू शिकून नोकरी मिळत नाही. मराठी, आणि जमल्यास इंग्रजी, शिकली तरच मूल डोंगर उतरेल. धारणीकडून आमच्या महाविद्यालयात आलेले विद्यार्थीही वर्गात आपली भाषा कोणती हे चटकन सांगत नाहीत. ‘हिंदी’ असे म्हणून मोकळे होतात. पालकांचा हा हिशेब चुकीचा नाही. आज भाषेच्या बाजारात कोरकूला भाव नाही आणि ते ज्याचा भाव आहे तेच मागतात. परंतु यातून ‘म्हणून पहिल्या दिवसापासून केवळ मराठी’ हा निष्कर्ष निघत नाही. मराठी उत्तम यावी, हे साध्य दोघांनाही मान्य आहे. वाद आहे तो वाटेचा. ज्याला अक्षर म्हणजे काय हेच अजून उमगलेले नाही, त्याला ते परक्या शब्दांतून शिकविले की त्याला अक्षरही येत नाही आणि परकी भाषाही येत नाही. अक्षर आपल्या शब्दांवर शिकून मग मराठीकडे वळणारे मूल अधिक वेगाने चालते, हे कोणत्याही बालशिक्षणाच्या जाणकाराला मान्य व्हावे. सुदैवाने कोरकू लिहावयाची तर देवनागरी पुरेशी आहे. संथाळीसाठी रघुनाथ मुर्मू यांना १९२५ च्या सुमारास नवी लिपीच घडवावी लागली, तो खटाटोप येथे नाही.

आणि हे अशक्य आहे असे तरी कोणी म्हणू नये. ओडिशाने २००६ नंतर आदिवासींच्या दहा भाषांतून बहुभाषी प्राथमिक शिक्षण सुरू केले व पुढे त्या भाषांची संख्या एकवीसपर्यंत नेली. आदिवासी भागात महाराष्ट्रापेक्षा अधिक दारिद्र्य असलेले ते राज्य आहे. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली. शासनाने तिचे कौतुक करावयाचे तर शिक्षण हक्क कायद्याखाली ती अनधिकृत असल्याची नोटीस तिच्या हाती आली. ज्या कायद्यात मातृभाषेतून शिक्षणाची तरतूद आहे, त्याच कायद्याच्या नावाने!

ही गोष्ट वऱ्हाडी माणसाला तरी निराळी समजावून सांगण्याची गरज पडू नये. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हटल्याबद्दल शाळेत ज्याच्या वहीवर लाल रेघ ओढली गेली नाही, असा वऱ्हाडी विद्यार्थी विरळाच. आपली बोली ‘अशुद्ध’ ठरल्याचा सल आपण अजून बाळगतो आणि पुण्या-मुंबईच्या व्यासपीठांवर तो बोलूनही दाखवितो. परंतु वऱ्हाडी मुलाला मराठी पुस्तकातील दहांपैकी नऊ शब्द घरचेच वाटतात. कोरकू मुलाला दहांपैकी किती वाटत असतील? शिवाय ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते अमरावती जिल्ह्यातच आहे. शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करू पाहत असता नागदेवाचार्यांनी त्याला अडविले, कारण तसे केल्यास पंथातील म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, ही आठवण महानुभावांनी जपून ठेवली आहे. पंडितांच्या भाषेपेक्षा ऐकणाऱ्याची भाषा मोठी, असे ठरवून मराठी गद्य या जिल्ह्यात उभे राहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा याच ‘लीळाचरित्रा’चा दाखला आपण अभिमानाने दिला.

आज रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. तेथून मेळघाटचे डोंगर फार दूर नाहीत. त्या विद्यापीठाने कोरकू व निहालीसाठी एक छोटा विभाग काढावा, शब्दकोश आणि पहिली-दुसरीची वाचनपुस्तके कोरकू शिक्षकांकडूनच लिहवून घ्यावीत. मेळघाटात असे शिक्षक आहेत. काही बिगर-कोरकू शिक्षकही वर्गात कोरकू शब्दांची मदत घेऊन शिकवितात, परंतु बदली झाली की त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जाते. दुसरी गोष्ट पैशाची. इंग्रजी अमदानीत मुलकी अधिकाऱ्याला देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे आणि ती उत्तीर्ण झाल्यास बक्षीसही मिळे. धारणी-चिखलदऱ्यातील शिक्षक, परिचारिका, तलाठी, वनरक्षक यांच्यासाठी कोरकूची साधी तोंडी परीक्षा ठेवून उत्तीर्णांना एक वेतनवाढ दिली, तर शासनाचा खर्च फार होणार नाही आणि भाषेचा खर्च प्रथमच दुसऱ्या बाजूला सरकेल. कोरकूला भाव आला की धारणीचा विद्यार्थीही वर्गात आपल्या भाषेचे नाव सांगेल.

तिसरी गोष्ट अकोल्याच्या दारातील आहे. २०१७ साली थांबलेली अकोला-खंडवा मीटरगेज गाडी अकोटच्या पुढे वान रोड, धुळघाट करीत कोरकूंच्या मुलखात शिरत असे. आता तो मुलूखच खाली उतरला आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील केलपाणी, गुल्लरघाट, धारगड इत्यादी गावांचे पुनर्वसन गेल्या दशकात अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत झाले. २०१९ च्या जानेवारीत यांतील काही कुटुंबे पुन्हा जंगलात परतली, तेव्हा त्यांचा वनखात्याशी व पोलिसांशी संघर्ष झाला, हे वाचकांना आठवत असेल. जमीन, पाणी, मोबदला या त्यांच्या तक्रारींची चर्चा झाली. शाळेची झाली नाही. धारणी-चिखलदरा निदान घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील प्रदेश तरी आहे. अकोट-तेल्हाऱ्यात उतरलेल्या मुलांना तेही छत्र नाही. त्यांच्या शाळा अकोला जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. तेथे कोरकू जाणणारा निदान एकेक शिक्षक नेमण्यास घटनादुरुस्ती लागत नाही, अनुसूचीत नाव लागत नाही आणि दिल्लीची परवानगीही लागत नाही. विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. तोवर एवढे काम जिल्हा परिषदेला करता येण्यासारखे आहे.